बिनमंत्र्याचे खाते

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष माननीय कुंदाताई मेढेकर, सत्कारमूर्ती डॉ. नीलिमाताई टेंभेकर, व्यासपीठावर डावीकडे बसलेले आदरणीय रामदासकाका वाघचौरे, उजवीकडे बसलेले आदरणीय पद्माकरराव फणसळकर, डार्मश्टाटच्या आपल्या मराठी मंडळाचे सभासद, आणि भिंतीशी बसून कुजबुजणारी बालवर्गाची मंडळी. सर्वांना जय भीम, सर्वांना नमस्कार.

मी कपिल. बारावीनंतर माझे शिक्षण सुटले. इथल्या जर्मन वृद्धाश्रमात आउसबिल्डुंग करतो, म्हणजे काम करता करता शिकतो. मंडळाची निमंत्रणे मी लिहितो, कारण माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाहीत. पाठ करून बोलणे मला जमत नाही, म्हणून कागद आणला आहे.

आज शनिवार, चौदा मार्च. दुपारी दोन वाजता मी या हॉलमध्ये खुर्च्या लावत होतो. सरळ, सलग रांगा लावल्या आणि चहाचे पाणी ठेवायला आत गेलो. परत आलो तर मधोमध वाट तयार झालेली. ती मी ठेवलेली नव्हती. आता आपण सर्व त्या वाटेच्या दोन बाजूंना बसला आहात. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. पण निरोपाचे भाषण आहे, आणि मला समोर बघूनच बोलावे लागते.

नीलिमाताईंचा अभ्यास लक्झेंबर्गच्या मंत्रिमंडळांचा. एवढासा देश. ताई म्हणतात, "सकाळी गाडीनं शिरलं तर चहा थंड व्हायच्या आत पलीकडे." तिथे एका पक्षाला एकट्याने राज्य करणे सहसा जमतच नाही. महायुद्ध संपल्यावर तर काही काळ झाडून सगळे पक्ष एकाच सरकारात बसले होते. पुढे एकदा असेही झाले की सर्वांत मोठा पक्ष बाहेर राहिला आणि त्याच्याहून लहान दोघांनी मिळून सरकार केले. हे मी कोणाकडे बघून म्हणत नाही, पद्माकरराव. ओळ कागदावर आहे.

आता अशा सरकारांना मराठीत म्हणायचे काय? इथूनच सगळे सुरू झाले. निमंत्रणात मी लिहिले, 'लक्झेंबर्गमधील युती सरकारांच्या अभ्यासक'. संध्याकाळी रामदासकाकांचा फोन.

"युती? कुणी घालायला सांगितला हा शब्द? पद्माकरनं?"

"नाही काका, शब्दकोशात आहे."

"शब्दकोश मत द्यायला जात नाही रे, बाळा."

मी 'आघाडी' केले. पंधरा मिनिटांत पद्माकररावांचा फोन. "कपिल, हे निमंत्रण आहे की जाहीरनामा?"

जर्मन माणसाला 'कोअलिट्सिओन' हा एक शब्द पुरतो. आपल्याकडे दोन आहेत, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. कारण मी सांगत नाही, सभागृहाला ते माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. शेवटी ताईंना विचारले. त्या हसून म्हणाल्या, "संमिश्र लिही." मी संमिश्र लिहिले. त्यावर ग्रुपवर कोणीतरी विचारले, संमिश्र म्हणजे मिसळ का? आणि रामदासकाकांच्या घरच्या गयाकाकूंनी उत्तर टाकले, "मिसळ तरी गरम असते. तुम्ही नुसतेच तापता."

हसलात, बरे वाटले. पण तेव्हा कोणी हसले नव्हते. शब्दावरून गोष्ट अध्यक्षपदावर गेली, आणि तिथून 'आपापले मंडळ बघू' इथवर आली. आज चहानंतर त्याची घोषणा व्हायची आहे, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि तरी आपण सगळे समोशांबद्दल बोलत आहोत.

मंडळी, सात वर्षांपूर्वी या गावात दोन मंडळे होती. ताईंनी ती एक केली. कशी? लक्झेंबर्गची रीत वापरून. तिथे निवडणुकीनंतर कधी कधी राजप्रमुख आधी एका माणसाला नुसते ऐकायला पाठवतात. कोण कोणाबरोबर बसेल, कोणाला काय हवे, एवढेच त्याने जाणून घ्यायचे. सरकार बनवण्याचे काम नंतर दुसऱ्याचे. या ऐकणाऱ्याला ताई 'कानोसकर' म्हणतात. तेव्हा त्या स्वतः कानोसकर झाल्या. घरोघरी गेल्या, चहा प्यायल्या, मत दिले नाही. म्हणून एप्रिलची जयंती आणि भाद्रपदातला गणपती याच हॉलमध्ये, त्याच माणसांच्या हातून होऊ लागले.

दोन आठवड्यांपूर्वी ताई मला म्हणाल्या, "कपिल, या वेळी कानोसकर तू."

मी म्हणालो, "ताई, मला कोण विचारतो?"

"म्हणूनच. तुझ्यासमोर कोणी भाषण करणार नाही."

मी दोन्ही घरी गेलो. रामदासकाकांनी सांगितले, जयंती आमच्याकडे, पुस्तकांचे कपाट आमच्याकडे, ध्वनिक्षेपक आमच्याकडे. पद्माकररावांनी सांगितले, गणपती आमच्याकडे, दिवाळी आमच्याकडे, मोठी पातेली आमच्याकडे. मला वाटले होते भांडण असेल. कुठेच नव्हते! दोघांना वेगवेगळेच हवे होते. इतकी नीट वाटणी मी पाहिली नव्हती. ताईंना जाऊन सांगितले. त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, "आणि बालवर्ग?"

बालवर्गाचे नाव दोन्ही घरांत कोणी काढले नव्हते.

ताईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "बिनखात्याचे मंत्री मी खूप पाहिले रे. हे बिनमंत्र्याचं खातं पहिल्यांदा बघते आहे."

दर शनिवारी साडेदहाला हा वर्ग भरतो. ताई शिकवतात, पाळी नसली की मी फळ्यावर लिहितो. ताई विचारतात, "खिडकी कोणी उघडी ठेवली?" पोरे जर्मनमध्ये म्हणतात, "इश निश्ट!" ताई ऐकू न आल्यासारखे करतात, खिडकीतून वारा येत राहतो, आणि शेवटी थंडीने कुडकुडत कोणीतरी म्हणते, "मी नाही ठेवली." मग खिडकी बंद होते. पद्माकररावांची ईश्वरी आणि रामदासकाकांचा नातू मयुरेश एकाच बाकावर बसतात. गेल्या शनिवारी ईश्वरीने आपण होऊन, अख्खे वाक्य मराठीत विचारले, "ताई गेल्यावर आम्हाला कोण शिकवणार?"

मी फळा पुसत होतो. पुसतच राहिलो.

ताई उद्या सकाळी लक्झेंबर्गला जाणार. तिथल्या विद्यापीठात त्यांना काम मिळाले आहे, आपल्या सर्वांना त्याचा अभिमान आहे. मला एकट्याला वर्ग घेता येणार नाही, माझ्या शनिवारच्या पाळ्या असतात. म्हणून घोषणेच्या आधी, इथूनच, दोन्ही मान्यवरांना विचारतो. बालवर्ग कोणाकडे?

मी थांबतो.

काका, काय म्हणालात? "ही काय व्यासपीठावरून विचारायची गोष्ट आहे?" आणि पद्माकरराव म्हणतात, "काका बरोबर बोलताहेत." आल्झो, म्हणजे बरे तर, निदान एका गोष्टीवर आपले एकमत झाले. पण मी घरी आलो होतो तेव्हा आपण दोघांनीही सांगितले नाही. आता दुसरी जागा उरली नाही. क्षमा करा, कुंदाताई, मी वेळ घेतो आहे.

गयाकाकू, आपण उभ्या राहिलात. जरा मोठ्याने. "मी येते शनिवारी. गाणी, गोष्टी येतात मला. पण ही लेकरं जर्मनात बोलायला लागली की मला काही समजत नाही."

कोण? पद्माकररावांच्या घरच्या स्वानंदीवहिनी? "काकू, ते मी सांगेन तुम्हाला. दोघी मिळून घेऊ."

पद्माकरराव, आपण "स्वानंदी, अगं" म्हणालात, ते माइकवर आले. आणि वहिनींचे उत्तर माइकशिवायही सगळ्यांना ऐकू गेले: "अहो, तुम्ही पातेली घेतलीत ना? ती सांभाळा."

शांत राहा मंडळी, कृपया. काकांचा प्रश्न आहे. "वर्ग एक आणि मंडळं दोन, मग हॉल कुणाच्या नावावर?" गयाकाकू म्हणतात, "ते तुम्ही दोघं बसून ठरवा. ठरेपर्यंत घोषणा नको." कुंदाताई, आपण मान डोलावलीत. अध्यक्षांचा निर्णय म्हणून मी तो वाचून दाखवतो: आज चहानंतर फक्त चहा.

माझ्या कागदावर पुढे ताईंच्या गुणांवर दोन परिच्छेद आहेत. ते आता वाचत नाही. हॉल उघडून देणाऱ्यांचे, स्वयंपाकघरात अजून तळत असलेल्यांचे, आणि मला मध्येच खाली न बसवल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, कोणाला टोचले असेल, तर वयाने लहान म्हणून पदरात घ्यावे.

नीलिमाताई, आपण मला दोन घरी निरोप आणायला पाठवले होते. त्याला उशीर झाला. तो असा आहे: पुढच्या शनिवारी, साडेदहाला, वर्ग आहे.

आता आम्ही आपल्याला निरोप देतो.