कोळशाच्या मनोऱ्याचं टेबल

— नाही नाही, मिस्त्री, करवत जरा खाली ठेवा. कापायचंच आहे, मीच बोलावलंय तुम्हाला, पण कुठून कापायचं ते आधी बघून घ्या. छोट्या आगगाडीचं हे अख्खं टेबल, रूळ-स्टेशनासकट, दारातून जात नाही. का म्हणजे? याच खोलीत बांधलं, दाराचं माप घ्यायचं राहिलं — रोज त्याच दारातून ये-जा करत होतो, तरी! हसा, हसा. आमची हीसुद्धा पोट धरून हसली होती. आता हा उंच मनोरा, चार पायांवरचा — हा कोळशाचा. पूर्वी वाफेच्या इंजिनात कोळसा भरायला माणसं टोपल्या घेऊन चढायची, कंबरडं मोडायचं त्यांचं. मग असे मनोरे आले. कोळशाची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, इथे रुळांखालच्या खड्ड्यात रिकामी व्हायची — खड्डा फळीच्या आरपार गेलाय, म्हणून तर मनोरा उचलता येत नाही — तिथून बादल्यांची साखळी कोळसा वरच्या कोठीत न्यायची. इंजिन खाली येऊन उभं राहिलं की पन्हळ खाली करायची, झडप उघडायची, की धबाधब माल मागच्या डब्यात. चहा होईपर्यंत इंजिन भरून तयार. आमचाही कोळसा खरा हो! मी कुटायचो, ही चहाच्या गाळणीनं चाळायची, आणि झडपेची दोरी हिच्याकडे, मला हात लावू द्यायची नाही. एकदा धूळ उडते म्हणून मी कोठीत पातळ डिंक फवारला — तो रुळांखालची खडी चिकटवायला मारायचा असतो, कोळशावर नाही — सगळा कोळसा दगड! ‘आता इंजिनालाच शिडी लावा, वर जाऊन चाटू दे,’ म्हणाली. आणि मग विणायच्या सुईनं टोकरत बसली, तीच.

कुणासाठी काढतोय? हिच्यासाठीच. दवाखान्यातला पलंग येतोय, वरखाली होणारा. न्हाणीघर या खोलीला लागून, दुसरीकडे ठेवून उपयोग नाही. उजवी बाजू गेली तिची. बोलणंही गेलं — म्हणजे एक शब्द राहिलाय. ‘हो.’ पाणी हवं? हो. नको? हो. डॉक्टर म्हणतात, तिला कळतं सगळं, शब्द निघत नाहीत. मग मी कसं ओळखायचं? या घरात पडद्याचा रंगसुद्धा कधी मी ठरवला नाही. काल विचारलं, टेबल काढू का गं? हो. बरं वाटलं. मग म्हटलं खात्री करावी — राहू दे का? हो. डोळ्यांत पाणी होतं, पण ते हल्ली जेवतानाही येतं. मुलगी फोनवर म्हणते, बाबा, खेळणं तर आहे, काढा. तिला काय, ती म्हणणारच.

तुम्ही काय केलं असतं? मान नका हलवू, बोला. ‘काका, हे नाही कापायचं, दुसरं काहीतरी बघू’ — म्हणा ना! कुणीतरी मला नाही म्हणा हो एकदा.

...बरं. खाली गाडी थांबलेली दिसतेय, पलंगच असेल. घ्या करवत. त्या टोकाकडून सुरू करा, मनोरा शेवटी. मी तिच्यापाशी बसतो. दार ओढून घेतो, आवाज आत गेला तर ती — नको. चालवा तुम्ही.