बेचाळीस प्रश्नावल्या, एकच उत्तर

सृष्टीला पीएचडी मिळाली. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, कारण सुरगाण्याची जीप भरायची वाट बघणाऱ्या ड्रायव्हर रवीलाही तेव्हा ते ठाऊक नव्हतं. पुढच्या सीटवर ती मुख्याध्यापक चंदर सरांशी जवळजवळ भांडतच होती.

"सर, 'शाळेतली एकी आणि मुलांचे गुण' हा माझा विषय. बेचाळीस प्रश्नावल्या, आणि उत्तरं शब्दन् शब्द सारखी!"

"पोरांनी गोल बसून, चर्चा करून भरल्या."

"एकेकट्यानं भरायच्या होत्या!"

"एकेकटं कोण बसतंच नाय, मॅडम."

"आणि धनराजची प्रश्नावली? तो तर आईबापाबरोबर पिंपळगावला, द्राक्षाच्या कामावर!"

"त्याला फोन लावून विचारलं. रोजचा धडापण एक पोरगी तसाच फोनवर वाचून दाखवते."

"म्हणून तो वर्गात तिसरा?"

"दुसरा. तिसरी ती वाचून दाखवणारी."

"सर, तुलनेला एकी नसलेली मुलं लागतात हो. नाहीतर प्रबंध परत येईल."

"मग वर अर्ज करा."

सृष्टीने खरंच कागद मांडीवर घेतला आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "मा. शिक्षणाधिकारी, संशोधनाच्या सोयीसाठी सदर शाळेस एका दिवसापुरते भांडण मंजूर करण्यात यावे, ही नम्र विनंती."