वामनच्या घरची कडू भाकर

ज्यायले जयभीम त्यायले जयभीम, ज्यायले रामराम त्यायले रामराम.

बसा गा, बसा. मागं उभे आहेत त्यायनं समोर या, सतरंजी रिकामी आहे. माईकवर हळू बोला म्हणतात, पण मले हळू बोलता येत नाही. उभा जन्म मागाच्या खडखडाटात गेला. वामन गेला. माहा जोडीदार गेला. त्याच्यावर मीच बोलावं, असं त्याच्या घरवालीनं, सुमनवहिनीनं सांगितलं. मी नाही म्हटलं होतं. पण वहिनीले नाही म्हणणारा या मोहल्ल्यात अजून जन्मले यायचा आहे.

पोट्टेहो, तुमी हुडकेश्वरवरून, मनीषनगरवरून आले. गाड्या कुठं लावल्या? त्या मोठ्या शोरूमच्या बाजूले. ते आमच्या कापड मिलचं विणाई खातं होतं. जिथं आता काचेच्या आत सोफे ठेवले आहेत, तिथं वामन अन् मी घाम गाळत होतो.

मिल इथंच काहून आली? नदी होती म्हणून. आज तुमी नागनदीवरून जाताना नाकाले रुमाल लावता. माह्या आज्याच्या वेळेस लोकं हिचं पाणी पीत होते. पाणी नदीचं, कापूस खेड्यातला, अन् हात आमचे. मिल आली तशा काठानं झोपड्या आल्या, मंग चाळी आल्या, दुकानं आली, आखाडा आला, शाळा आली. रंगखात्यातून पाणी सुटलं की नदी कधी हिरवी, कधी लाल. आमी पोट्टे पुलावर उभं राहून पैज लावत होतो, आज कोणता रंग येते म्हणून. नदी मरून राहिली, हे आमाले काय समजते.

पुलाच्या या बाजूले आमची वस्ती. माह्या बापानं दीक्षाभूमीवर धम्म घेतला, तसा इथल्या घराघरानं घेतला. त्या बाजूले विणकरायची वस्ती, वामनची. भोंगा झाला की दोन्ही बाजूची माणसं पुलावर एक होत होती. अन् मिलच्या गेटातून आत गेली की पुन्हा वेगळी. आमी सूतकताईत, ते विणाईत. विणाईत पगार जास्त होता. तरी आमाले तिथं घेत नव्हते.

काहून घेत नव्हते, हे तरण्या पोरायले माहीत नसन. मागावर जो धोटा फिरते, त्याच्यातली सुताची कांडी संपली की नवी बसवा लागे. अन् त्याच्या बारक्या भोकाले तोंड लावून सूत ओढून घ्या लागे. श्वास आत घेतला की सूत बाहेर. सकाळच्या पाळीवाल्यानं तोंड लावलेला धोटा, दुपारच्या पाळीवाल्यानं तोंडाले लावायचा. आता बोला. आमचं उष्टं तोंडाले कोण लावते?

मंग एक वेळ आली, आमच्यातले दोघं-तिघं विणाईत घेतले. त्यातला एक मी. सकाळची पाळी केली. दुपारी माह्या मागावर येणारा माणूस आलाच नाही. दुसऱ्याले पाठवलं, त्याच्या पोटात दुखाले लागलं. तिसऱ्याचं डोकं दुखलं. साऱ्या खात्याले एकदम रोगराई झाली. मी तिथंच उभा. घरी जाऊ का राहू?

तेव्हा वामन आला. माही त्याची ओळख बी नव्हती. आला, धोटा हातात घेतला, कांडी बसवली, तोंड लावलं अन् सूत ओढलं. मंग माह्याकडे पाहून म्हणे, “तंबाखूत चुना लय घालतं का गा तू? जीभ पोळली माही.”

बस. एवढंच. भाषण नाही, काही नाही. मी हासलो. पण घरी जाऊन बाजेवर पडलो अन् रडलो, हे आज सांगतो.

वामनले त्याची किंमत मोजा लागली. त्याचा मोठा भाऊ, आपले माधवदादा, त्याच खात्यात जॉबर, म्हणजे मागवाल्यायचे मुकादम होते. समोर खुर्चीवर बसले आहेत. त्यायनं त्याच संध्याकाळी वामनले सांगितलं, तो माग सोड. वामन म्हणे, सोडत नाही. त्या दिवसापासून दादायनं वामनच्या घरी घोटभर पाणी नाही घेतलं. तेव्हा दोघायची घरं भिंतीले भिंत लागून. याच्या घरचं खोकलणं त्याच्या घरी ऐकू येते. वामनच्या पोरीच्या लग्नात दादा आले, अक्षता टाकल्या, आशीर्वाद दिला अन् निघाले. वामन पाट मांडून वाट पाहत राहिला. पोराच्या लग्नात बी तसंच. मी म्हटलं, “अरे, काहून मांडतं पाट? नाही जेवत ते.” त म्हणे, “दादा आहे गा. कधी भूक लागन, काय सांगता येते?”

मंग मिल बंद पडली. तेव्हा मात्र सारा मोहल्ला बेकारीच्या एकाच पंगतीत बसला. कोणी रिक्षा ओढला, कोणी भाजी विकली. माग भंगारात गेले. चाळी पडल्या, टावर उभे राहिले. ज्यायले जमलं ते दूर गेले. वामन बी पोरासोबत मनीषनगरले गेला. पण दर रविवारी सिटी बसनं येत होता. पुलाच्या कठड्यावर आमी बसत होतो. पहिला सवाल हाच, “दादाची तब्येत कशी आहे?” भाऊ शंभर पावलांवर, अन् विचारायचं मले.

असंच एका रविवारी म्हणे, “मी गेलो त कडू भाकर तुह्या घरून येऊ दे. नाहीतर माहा पोट्टा हाटेलातून मागवन.” कडू भाकर म्हणजे, माती झाल्यावर त्या घरची चूल पेटत नाही, शेजारचा माणूस भाकर नेते. नेम आहे आपला. मी म्हटलं, बरं. त म्हणे, “अन् दादाले ताट वाढजो.”

वामन गेला त्या दिवशी माही घरवाली कमल म्हणे, “नाही घेतलं त? अशा दिवशी दारातून वापस यायचं का?” मले बी तेच भेव होतं. पण बोलता बोलता तिनं पीठ मळाले घेतलं होतं. ज्वारीच्या भाकरी अन् बिनफोडणीचं वरण घेऊन आमी मनीषनगरले गेलो. सारे सोयरे बसले होते. कोणी भाकरीले हात लावेना. मंग सुमनवहिनीनं डोळे पुसले अन् म्हणे, “कमलबाई, आण वं इकडं. पहिला घास माहा.”

मी दादाच्या समोर ताट ठेवलं. ते म्हणे, “कोणाच्या घरचं?”

मी म्हटलं, “माह्या. वामननं सांगून ठेवलं होतं.”

त्यायनं ताट जवळ ओढलं. मंग घास मोडला. कडू भाकर कोणी पोटभर खात नाही, नावाले घास घेते अन् उठते. दादायनं पूर्ण भाकर खाल्ली. ताट पुसलं. अन् म्हणे, “अर्धी अजून दे गा.”

मले राग आला. खरं सांगतो, दुःख झालं नाही, राग आला. ही अर्धी भाकर वामन जिता असताना काहून नाही मागितली? त्यानं नाचून वाढली असती. पण भाकर वाढताना पाहिलं, दादायनं ताट दोन्ही हातायनं माह्यासमोर धरलं होतं. मंग राग बी राहिला नाही.

आज इथं येण्याच्या आधी मी दादाच्या घरी गेलो. विचारलं, हे सारं सभेत सांगू का? नाव घेऊ का? ते म्हणे, “सांग. मी मरण्याच्या आत सांग.”

म्हणून सांगितलं. शोरूम राहीन, टावर राहीन, उद्या नदी बी साफ होईन म्हणतात, होऊ दे. पण या काठावर माणसामाणसात जे झालं, ते कोणत्या पाटीवर लिहिलेलं नाही. आमी दोन-चार म्हातारे आहो तोवर विचारून घ्या.

आता वामनसाठी दोन मिनिटं उभे राहू. फोन बंद करा गा. माधवदादा, तुमचे गुडघे दुखतात, बसून राहिले तरी चालते. उठायचं आहे? थांबा, मी येतो खाली. हं. माहा हात धरा.