सुविधाबाई कुठे जाताहेत?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालय समितीचे प्रमुख श्री. जयरामबाब परब, म्हापशाहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे श्री. योगेश सावळ, व्यासपीठावरचे समितीचे सदस्य, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सुविधाबाई, हळर्णचे माझे गावकरी, पुढे बसलेली मुलं आणि मागे दारात उभे असलेले सगळे, तुम्हाला गुरुदास नाईकचा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. कागदावर लिहून आणलं आहे, तेच वाचतो. आमच्या घरात बोलण्याचं काम माझी बायको तारा करायची. या हॉलमध्ये गणिताचा वर्ग तिनं आणि सुविधाबाईंनी मिळून सुरू केला, हे इथं सर्वांना ठाऊक आहे. तारा गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. घरात वर्ष पाळणं चालू आहे. सणाला गोड नाही, लग्नाला, बारशाला, सत्काराला जाणं नाही. मग मी इथं कसा, असं काहींना वाटलं असेल. ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

माझी सगळी नोकरी पत्रादेवीच्या तपासणी नाक्यावर झाली. संशय घेणं हेच काम. तिथं एक गोष्ट शिकलो. ट्रक थांबवल्यावर जो ड्रायव्हर आधी चहाचं विचारतो, त्याची ताडपत्री आधी उघडायची. तारा म्हणायची, तुमकां घरांतल्या चायचोय दुबाव येता. खरं होतं, घरातल्या चहाचाही मला संशय यायचा. सवय जात नाही. आज मी हॉलमध्ये आल्यापासून मला तीन वेळा चहा मिळाला आहे. समितीचे आभार मानतो.

तर गेल्या आठवड्यात जयरामबाबांचा फोन आला. शनिवारी सुविधाबाईंचा सत्कार आहे, तुम्ही दोन शब्द बोला. मी म्हटलं, क्षमा करा, वर्ष चालू आहे, सत्काराला येत नाही.  ते म्हणाले, "सत्कार न्हय रे गुरुदास. निरोप तो. निरोपाक येवपाक कित्याची अडचण?"

अडचण काहीच नव्हती. निरोप देणं हे आमच्या घरात सध्या चालूच आहे. मी विचारलं, बाई कुठे जाताहेत? ते म्हणाले, आता विश्रांती घेतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलपाशी सुविधाबाई भेटल्या. खूश होत्या. म्हणाल्या, समिती माझा सत्कार करतेय, ताराबाय असती तर बरं झालं असतं, नवी साडी घेतलीय. मी पाव घेतले आणि घरी आलो. एकाला निरोप सांगितला, दुसऱ्याला सत्कार. मागच्या कापडावर पाहा, नुसतं 'सुविधाबाईंचा गौरव' लिहिलं आहे. फार विचार करून लिहिलं असणार.

अध्यक्षमहाराज, तुम्ही घड्याळ पाहता आहात, मी लवकर आटोपतो. पण गौरव करायचा तर बाई नेमकं काय करतात, ते सांगायला हवं.

बाई चुकलेल्या उत्तरावर फुली मारत नाहीत. त्या मुलाजवळ बसतात आणि विचारतात, "हांगा कसो पावलो तूं?" इथपर्यंत कसा आलास? मूल वाट सांगतं. कुठल्या वळणावर ते चुकलं, हे बाईंना कळतं. मग त्या वळणावर जाऊन, त्याच मुलाला समजेल असं सांगतात. त्यामुळे एकाला एक सांगतात, दुसऱ्याला दुसरं. बाईंचं मोठेपण तेच आणि गावातल्या दुबावाचं कारणही तेच.

उणे संख्येतून उणे संख्या वजा करायची होती. जयरामबाबांचा नातू सर्वेश फुटबॉल खेळणारा. त्याला बाईंनी सांगितलं, आपल्यावर झालेला गोल पंचानं रद्द केला, तर आपलं बरं झालं की वाईट? शंकर गवंड्याची दीपा, तिच्या घरी कन्नड बोलतात, फुटबॉल तिला ठाऊक नाही. तिला सांगितलं, जमिनीतला खड्डा काढून टाकायचा म्हणजे काय करायचं? ती म्हणाली, माती भरायची.

घरी जाऊन मुलांनी सांगितलं आणि दोन घरांत संशय शिरला. जयरामबाब आमच्या दारात आले. त्या पोरीक खरें गणित आनी आमच्या पोराक खेळ? त्याच संध्याकाळी शंकर आला. तो अंगणातच उभा राहिला. म्हणाला, ताराबाय, त्यांच्या पोराला फुटबॉल आणि माझ्या पोरीला खड्डा का? खड्डे काढायला मी आहे की.

तारानं दोघांना दुसऱ्या दिवशी या हॉलमध्ये मुलांच्या बाकावर शेजारी बसवलं. मी दार लावून आत उभा होतो. फळ्यावर गणित होतं, उणे तीनमधून उणे पाच वजा. सुविधाबाईंनी जयरामबाबांना दीपाचा खड्डा दिला आणि शंकरला सर्वेशचा फुटबॉल. शंकरनं विचारलं, गोल रद्द होतो म्हणजे काय? जयरामबाब म्हणाले, "खड्ड्याचें म्हाका कितें विचारतात? ताका विचारा." बाई म्हणाल्या, बरं, बदला. शंकरनं लगेच सांगितलं, तीन फूट खड्डा आहे, पाच फुटांची भर घातली, दोन फूट वर आलो. जयरामबाबांनी बोटांवर केलं. आमचे तीन, त्यांचे सहा, त्यांचे पाच रद्द, राहिला एक. आपण दोननं पुढं.

दोघांचंही दोन आलं. तारा हसली. मला वाटलं, मिटलं. पण उठताना जयरामबाब म्हणाले, "जबाब एक येता जाल्यार सांगणीं दोन कित्याक? सगळ्यांक एकच सांगचें." उत्तर एकच, तर समजावणं दोन तऱ्हांचं कशाला, हे त्यांनी नंतर समितीच्या प्रत्येक सभेत म्हटलं. तारा प्रत्येक वेळी उत्तर देत होती. आता ती सभेला येत नाही.

आज आपण प्रमुख पाहुण्यांचं भाषण ऐकलं. श्री. सावळ यांचा म्हापशातला क्लास मोठा आहे. त्यांनी सांगितलं की त्यांचा संगणकाचा पडदा प्रत्येक मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे वेगळं समजावतो. समजावत असेल. मी पाहिलेला नाही, म्हणून नावं ठेवत नाही. मला प्रश्न अध्यक्षांना विचारायचा आहे. ज्यांना दोन सांगणी चालत नव्हती, त्यांना आता जितकी मुलं तितकी सांगणी कशी चालतात? म्हणजे अडचण सांगण्याची नव्हती. मग कशाची होती?

आणखी एक. समारंभ सुरू व्हायच्या आधी एक मुलगा टेप घेऊन ही समोरची भिंत मापत होता. मी विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, सावळसरांची स्क्रीन बसते का बघतोय, सोमवारी लावायची आहे. कुणी त्याला गप्प राहायला सांगितलं नव्हतं, बिचाऱ्याला.

या हॉलमध्ये परबांचं मूल आणि गवंड्याचं मूल एका बाकावर बसतं. म्हापशाच्या क्लासची फी भरून त्यांतलं कोण बसेल? शंकर मागे दारात उभा आहे. त्याला आमंत्रण नव्हतं, मी सांगितलं म्हणून आला. शंकर, आत येऊन बस. पुढे जागा आहे.

ताराच्या बाराव्याला समितीचे लोक भेटायला आले होते. सांत्वन केलं, चहा घेतला आणि जाताना जयरामबाबांनी हॉलच्या चावीची चौकशी केली. तारापाशी एक चावी असायची. मी म्हटलं, शोधतो. शोधावी लागणार नव्हती, तिच्या छत्रीच्या खुंटीवरच होती. पण ताडपत्री उघडायच्या आधी गाडी सोडायची नाही, ही सवय.

आता शाल आणि नारळ माझ्या हातून द्यायचा आहे, असं मला सांगितलं आहे. ताराच्या नवऱ्यानंच निरोप दिला की मग कुणी काही म्हणणार नाही, हे मला समजलं. देतो. पण निरोप देण्याआधी जाणाऱ्याला एकदा विचारायची रीत आहे.

सुविधाबाई, समिती म्हणते की तुम्ही वर्ग सोडून जाताहात. तुम्ही जाताहात का?

बसून राहा बाई, घाई नाही. अध्यक्षमहाराज, त्यांना बोलू द्या.

बाई म्हणाल्या ते मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून मी परत सांगतो. हे माझ्या कागदावर नाही. त्या म्हणाल्या, "हांव खंयच वचना. सोमारा भुरग्यांक अपूर्णांक आसात."

म्हणजे बाई कुठेच जात नाहीत, सोमवारी मुलांचा अपूर्णांकांचा वर्ग आहे. पडदा लावायला येणाऱ्यांना कुणीतरी कळवा.

शाल राहू दे. वर्ष चालू असताना सत्काराची शाल मी देऊ शकत नाही, आणि निरोपाची द्यायला आता कारण उरलं नाही. ही चावी तेवढी घ्या बाई. ताराची आहे. नारळही घ्या, तो कशालाही चालतो.

समितीनं मला बोलायला बोलावलं याबद्दल मनापासून आभार. श्री. सावळ यांचा वेळ गेला, त्याचं मला वाईट वाटतं. समितीनं काय ठरवून बोलावलं होतं ते त्यांनाही पुरतं सांगितलेलं नसावं. चहा करणाऱ्यांचे आभार, चहा चांगला होता. मोठ्यांसमोर जास्त बोललो असेन तर पोटात घाला. आणि माझं काही चुकलं असं वाटलं, तर लगेच फुली मारू नका. माझ्याजवळ बसा आणि विचारा, गुरुदास, हांगा कसो पावलो तूं? मी वाट सांगेन.

नमस्कार.