त्यांचाच फोटो

व्यापाऱ्याच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या मांडीवर त्यानं स्वतः बनवलेला काळ्या प्लॅस्टिकचा साधा कॅमेरा होता.

“अगं, दोनदा नाही म्हणालेत ते. हे खेळणं आहे, दुकानात ठेवणार नाही म्हणाले.”

“अहो, पण त्यातून काढलेला एक तरी फोटो त्यांनी पाहिलाय का?”

“पाहतील कुठले? दारातूनच वाटेला लावलं मला.”

“मग आज आपण त्यांचाच काढू.”

“आणि काढू दिला नाही तर?”

“खिडकीपाशी उजेड चांगला आहे, तिथं उभे राहा म्हणेन. स्वतःचा फोटो कोणाला नको असतो?”

“तूच बोल बाई. माझी तर त्यांच्यासमोर बोबडी वळते.”

“तुम्ही नुसतं बटण दाबा. साचा तुम्ही केलात, भिंग तुम्ही बसवलंत, मग आता घाबरायचं कशाला?”

शिपाई दारात आला. “चला, साहेब बोलावतायत. पण दोनच मिनिटं हं.”

“पुष्कळ झाली.”

“अगं, पण फोटो धुऊन मिळायला उद्या उजाडेल.”

“म्हणून तर काढायचा. तो द्यायला उद्या परत यावंच लागेल ना आपल्याला. उठा.”