वेगळ्या चुलीचं पान

रुपाली : ...तेव्हा मित्रहो, मराठीत चूल म्हणजे नुसती तीन दगडांची मांडणी नव्हे.

(सोलापुरातलं एकत्र कुटुंबाचं तीन खोल्यांचं घर. रुपाली शाळेत मराठी शिकवते. उद्याच्या भाषणाची तालीम सासूपुढं चालली आहे. केराबाई चटणीसाठी शेंगा सोलतायत.)

केराबाई : तीन दगडांची जत्रंत मांडत्यात. घरातली मातीची आसती.

रुपाली : आत्या, भाषण आहे हो. मधे बोलायचं नसतं.

केराबाई : बरं बाई. म्हन फुडं.

रुपाली : जात्यावरच्या ओवीत चूल म्हणजे सासर. आई लेकीला सांगते, तिथली चूल सांभाळ. चूल म्हणजे सगळं घरदार आलं त्यात. दुष्काळाच्या कथेत तीच चूल भूक होते. पोरं उपाशी निजली असं लेखक लिहीत नाही. चूल पेटली नाही, एवढंच लिहितो.

केराबाई : आमी बी तसंच म्हनायचो. उपाशी हाय म्हनायची लाज वाटायची.

रुपाली : मग बायका लिहायला लागल्या. चूल आणि मूल! धुरानं डोळे गेलेल्या बायकांनी तिला तुरुंग म्हटलं.

केराबाई : खोटं न्हाय. पावसाळ्यात ओलं जळान, घरभर धूर. पन रुपाली, सांजच्याला कुनाकडं पिठलं हाय, कुनाकडं वांगं, साऱ्या आळीला वासावरनं कळायचं. आन् धुराचा एक फायदा हुता बघ. रडू आलं तर रडून घ्यायचं, कुनी इचारायचं न्हाय. वैराग गाव सुटलं आन् ते बी सुटलं.

रुपाली : हे भाषणात घेऊ?

केराबाई : घे की. माजं नाव नगं घिऊ. फुडं?

रुपाली : पुढं काही नाही. संपलं.

केराबाई : एक ऱ्हायलं की.

रुपाली : काय?

केराबाई : वेगळी चूल. तूच सांगत हुतीस मागं, गोष्टीत वेगळी चूल आली की घर मोडलं म्हनून समजायचं.

रुपाली : ...ते पान मी काढून ठेवलं.

केराबाई : माज्यापुढं वाचवंना, व्हय?

रुपाली : तुम्हाला कुणी सांगितलं?

केराबाई : तुज्या नवऱ्यानं, भारतानं. तोंडानं न्हाय गं. ताटावर बसला की माज्याकडं बघतच न्हाय त्यो. ल्हानपनी बी काय लपवायचं आसलं की आसंच करायचा. कुटं घेतलं घर?

रुपाली : जुळे सोलापूर भागात. भाड्याचं. आत्या, कुणाशी भांडण नाही हो. जाऊबाईंशी तर मुळीच नाही. पण सृष्टीची दहावी आली, पोरगी न्हाणीच्या दारात बसून अभ्यास करते. रोज ठरवायचे, आज सांगायचं. तुमच्या हातची चटणी ताटात पडली की तोंडच उघडायचं नाही. वाटायचं, तुम्ही म्हणाल सुनेनं घर मोडलं.

केराबाई : म्हनलं की मनात. लई राग आला तुजा. मग माजी सासू आटवली.

रुपाली : त्या का?

केराबाई : आमी बी वेगळं निघालोच की. म्हातारी बोलंना, पाठ करून बसली. आमच्यात रीत हाय, नव्या चुलीला काडी वडायची न्हाय, जुन्या चुलीतला इस्तू न्यायचा. मी खापर घिऊन उंबऱ्यात उबी. मागू कुनाला?

रुपाली : दिला नाही?

केराबाई : उठली. खापरात निखारं घातलं आन् वर राख लोटली, वाऱ्यानं इजू न्हाई म्हनून. मी पदराआड धरून पळाले. पदराला भोक पडलं. ते लुगडं फाटस्तवर नेसले मी.

रुपाली : आत्या, रडताय?

केराबाई : हितं धूर न्हाय, म्हनून दिसतंय.

रुपाली : मला तुमच्या चुलीतलं न्यायचंय हो. पण गॅसचं काय नेऊ?

केराबाई : तेच कवाधरनं डोक्यात घोळतंय. दूध कवा उतू घालनार हायसा?

रुपाली : गुरुवारी.

केराबाई : मग मला न्ये. गॅस मी पेटवते, पयली भाकरी बी मीच टाकते. रातच्याला आनून सोड.

रुपाली : याल? खरंच? रिक्षा बोलावते मी.

केराबाई : बोलीव. पन कडंला नगं, तुमच्या दोघांच्या मदी बसीव मला. वारं लागू द्यायचं न्हाय.