वायसरावरची माती

जुना विद्यार्थी देवमन याच्या पत्राला शेषराव मास्तरांनी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. त्याच्या विद्यापीठातलं प्लाझ्मानं सिलिकॉन कोरायचं यंत्र आत हवा शिरून निर्वात राहत नव्हतं. चौघं ते पाळीनं वापरत आणि खापर देवमनवर फुटत होतं. त्याची पाळीच जाणार होती. त्यानं लिहिलं होतं, 'सर, पंप तुम्हीच शिकवलात, काय तपासू?' पण मास्तरांनी जन्मभर पंप फक्त फळ्यावर काढला होता, तोही दरवेळी वाकडा.

केनवडच्या एसटी स्टँडवर रांगेत मास्तरांच्या पुढे दोघं शेतकरी त्यांच्या सामाईक पाण्याच्या इंजनाबद्दल बोलत होते.

“रामधन, इंजन पानी काहून उचलत नव्हतं?”

“पाइपातून हवा घेऊन राह्यलं व्हतं, माणिकराव.”

“म्हंजे तुया पाळीत बिघडलं.”

“तुमी देलं तवाच बिघडेल व्हतं.”

“खोलून पाह्यलं?”

“पाह्यलं. जोडातल्या रबरी वायसरावर माती व्हती.”

“कोनाच्या वावरातली?”

“दोघायची माती सारखीच काळी. कसं सांगू?”

“मंग?”

“घेतानाबी पुसाचं, देतानाबी पुसाचं.”

“अन् तीन दिवस मले शिव्या देल्या त्या?”

“त्या अर्ध्या अर्ध्या वाटून घेऊ.”

मास्तर रांगेतून निघाले आणि पोस्टात जाऊन कार्ड लिहू लागले. ‘चि. देवमन, झाकणाखालची रबरी कडी पुसून पाहा. कचरा कुणाचा ते विचारू नकोस. चौघंही पाळी घेताना पुसा, देताना पुसा. हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही, म्हणून उशीर झाला.’

बस निघून गेली तेव्हा कार्ड पेटीत पडलं होतं.